डॉक्टरांची फियाट

गेल्या महिन्यात पुण्यात सातारा रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या एका आवारात गेले होते. समोरच्या करड्या गाडीत एक पोरगा वाकून डॅशबोर्ड पुसत होता. गाडी आठ-नऊ वर्षांची, पण बाहेरून पॉलिश मारून लखलखीत केलेली. उन्हानं डॅशबोर्डचं प्लॅस्टिक फिकं पडलं होतं आणि मधोमध जुन्या रुपयाएवढा एक गडद गोल तसाच राहिला होता. तिथं कुणीतरी गणपती चिकटवलेला असणार. इतकी वर्षं तेवढ्या जागेवर ऊन पोचलंच नव्हतं. मूर्ती काढून नेताना टेपचा चिकटा मागं उरला होता आणि त्याच्या कडेला वाळलेल्या कुंकवाची बारीक रेघ होती. थिनरचा बोळा घेऊन पोरगा ते सगळं घासत होता. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "काळजी करू नका मॅडम, हा डाग काढूनच देतो. मग गाडीत आधी कुणी बसलं होतं असं वाटणारसुद्धा नाही."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला तेच शिकवलेलं होतं आणि तो ते मन लावून करत होता. गाडी बरी होती, किंमतही आवाक्यातली. पण त्या वाक्यापाशी मन अडकलं ते अडकलंच. रिक्षातही सुटेना, घरी येऊन चहा टाकला तरी सुटेना. आधी कुणी बसलं होतं असं वाटू नये, हा त्या गाडीचा सगळ्यात मोठा गुण म्हणून तो मला सांगत होता. आणि आमच्या घरानं ज्या एका गाडीवर जीव टाकला, ती आमच्याआधी दहा वर्षं दुसऱ्याची होती. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं आणि गावानं आम्हाला ते कधी विसरू दिलं नाही.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९८६ मध्ये घेतली. प्रीमियर पद्मिनी, १९७६चं मॉडेल, फिकट आकाशी रंग. कागदावर पद्मिनी, कराडात सगळे फियाटच म्हणत. नानांचं खतांचं आणि शेती-औषधांचं दुकान होतं. तालुकाभर फिरावं लागे, आणि मोटारसायकलवर पावसाळे काढून काढून त्यांची कंबर धरायला लागली होती. नवी गाडी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, असे ते दिवस. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती पडली आणि तिच्यासाठीही देशभर रांग होती. सोमवार पेठेतल्या आमच्या डॉक्टरांचा त्या रांगेतला नंबर लागला, म्हणून त्यांची फियाट मोकळी झाली.

सौदा दवाखान्यात झाला. मी दहा-अकरा वर्षांची, नानांबरोबर गेलेले. शेवटचा पेशंट गेल्यावर कंपाउंडरनं चहा आणला आणि डॉक्टरांनी किंमत सांगायच्या आधी गाडीची सगळी हकीकत सांगितली. डाव्या मडगार्डवरचा पोचा उंब्रजच्या बाजारात बैलगाडीचं जू लागून आला. इंजिनाचं बोअर कोल्हापूरला उद्यमनगरात करून आणलंय. मागच्या दाराचं रबरी बीडिंग झिजलंय, ते पावसाळ्याआधी बदलून घ्या. थंडीत सकाळी चोक पूर्ण ओढा, पण इंजिन तापलं की लगेच आत ढकला. रोज कुठल्या झाडाखाली उभी असते, कुठल्या पंपावर पेट्रोल भरतो, कुठला मिस्त्री हात लावतो, सगळं. डॉक्टर पेशंटची केस सांगावी त्याच शांतपणे सांगत होते. मग त्यांनी आकडा सांगितला. नानांनी मान हलवली. घासाघीस झाली नाही. ज्या माणसानं आमच्या घरातल्या तिघांचे टायफॉइड काढले त्याच्याशी घासाघीस कोण करणार? रेव्हेन्यू स्टॅंपवर सही झाली, आणि किल्लीबरोबर जॅक, पाने आणि पेट्रोलचा हिशेब लिहिलेली एक निळी वही मिळाली. नानांनी त्याच वहीत पुढचं पान उलटून आपला हिशेब सुरू केला. वही एक, अक्षरं दोन.

गाडीला दवाखान्याचा वास होता. स्पिरिट, टिंक्चर, आणि त्याखाली रेक्झिनच्या तापलेल्या सीटचा वास. आईनं कापूर ठेवून बघितला, सोनचाफ्याची फुलं ठेवून बघितली. उन्हाळ्यात काचा उघड्या असल्या की काही जाणवायचं नाही. पण पावसाळ्यात काचा वर केल्या, आतून वाफ धरली, नाना फडक्यानं समोरची काच पुसायला लागले, की तो वास कुठून तरी उठायचाच. कितीतरी वर्षं. मला अजूनही इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला की सुईआधी पाऊस आठवतो.

आणि रस्त्यात लोक हात करायचे.

पाटणच्या रस्त्याला, मसूरच्या बाजूला, ओगलेवाडीकडं, आकाशी फियाट दिसली की कुणीतरी बांधावरून हात वर करायचं. डॉक्टर व्हिजिटला चाललेत असं वाटायचं त्यांना. जवळ आल्यावर आत नाना दिसायचे, मग हात हळूच खाली यायचा, किंवा तोच हात नमस्काराला जोडला जायचा. नाना थांबायचे. कुणाला पुढच्या फाट्यापर्यंत सोडायचं असायचं, कुणाला नुसतं विचारायचं असायचं, डॉक्टर आज दवाखान्यात आहेत का. नानांना आपोआप माहीत असायचं, कारण डॉक्टर दर दोन-चार दिवसांनी दुकानावरून जाताना आपली नवी गाडी थांबवून विचारत, "काय म्हणतेय आमची गाडी?" आमची. नाना कधी त्यांना दुरुस्त करायला गेले नाहीत.

एका मे महिन्यात आम्ही चिपळूणला, माझ्या आजोळी निघालो होतो. पहाटे निघायचं ठरवून सात वाजलेले. मल्हारपेठेच्या अलीकडं एक बाई अक्षरशः रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. कडेवर तीन-चार वर्षांचं पोर, मान टाकलेली, अंग तापानं फणफणलेलं. एसटी गेली होती. "डॉक्टर" म्हणून ती दाराशी आली आणि आत आम्हाला बघून गप्प झाली. नानांनी काही विचारलं नाही. मागचं दार उघडून आईनं तिला आत घेतलं, आंब्याची करंडी माझ्या पायाशी आली, आणि गाडी वळवून आम्ही पुन्हा कराडला. आईनं पाण्यानं भिजवलेला पंचा त्या पोराच्या डोक्यावर धरला होता. त्याचे पाय माझ्या मांडीवर होते. तळपायाला चुलीची राख लागलेली, आणि घोट्यात काळा दोरा. सगळ्या रस्त्यात ती बाई एकच करत होती, पुढच्या सीटच्या पाठीवर हात फिरवत होती, जणू गाडीलाच जरा लवकर चल म्हणत होती. डॉक्टरांच्या दवाखान्यात पोराला दिलं, सलाइन लागलं, आणि आम्ही ऊन डोक्यावर आल्यावर पुन्हा निघालो. भाऊ चिडला होता, त्याला अकराच्या आत आजोळच्या विहिरीवर पोचायचं होतं. नाना त्याला एवढंच म्हणाले, "तिनं गाडीला हात केला होता. गाडी तिच्या ओळखीची होती."

मी हे इतक्या सविस्तर लिहितेय, कारण त्या आवारातल्या पोराला हेच कसं सांगायचं ते मला त्या दिवशी सुचलं नाही. गाडीत आधी कुणीतरी बसलेलं असतं, आणि ते बसणं गाडीबरोबर पुढच्या घरात येतं. कधी वासानं येतं, कधी पोच्यानं, कधी रस्त्यात हात करणाऱ्या माणसांनी. आमच्याकडं ते कर्तव्य होऊन आलं. नाना डॉक्टर नव्हते, पण त्या गाडीत बसल्यावर त्यांना काही गोष्टी टाळता येत नसत.

चिपळूणचा तो रस्ता मला अजून पाठ आहे. पाटण, कोयनानगर, हेळवाकला चहा, मग कुंभार्ली घाट, पोफळी, शिरगाव. पुढची सीट आडवी सलग, बाकासारखी. गिअर स्टिअरिंगपाशी, त्यामुळं मधे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना अडथळा नाही. मी बहुतेकदा मधे. डावीकडं आई, तिच्या मांडीवर आवळासुपारीची डबी आणि लिंबाची फोड, कारण हेळवाक सोडलं की भावाला मळमळायला लागायचं. दाराच्या पुढच्या कोपऱ्यात ती तिकोनी काच होती. ती जरा फिरवली की वारा थेट तोंडावर यायचा; आजच्या कुठल्याही एसीनं तसा वारा मला दिलेला नाही. जाताना घाट उतरायचा, तेव्हा नाना दुसऱ्या गिअरवर गाडी धरून उतरत आणि इंजिनाचा तो घुमणारा आवाज दरीत जायचा. येताना चढ. त्या काळी घाटाच्या मध्यावर कुठल्याही बनावटीच्या पाच-सहा गाड्या आणि ट्रक बॉनेट उघडून, वाफ सोडत उभे असत, आणि त्याची कुणाला लाज वाटत नसे. पुढच्या बंपरला कॅनव्हासची छागल बांधलेली असायची. वाऱ्यानं तिच्यातलं पाणी गार होत जायचं. आधी माणसं प्यायची, मग रेडिएटर. अनोळखी घरं तिथं दगडावर बसून एकमेकांच्या डब्यातल्या दशम्या खायची. एक हजार एकोणनव्वद सीसीचं इंजिन, त्यावर सहा माणसं, टपावर ताडपत्रीखाली दोन ट्रंका आणि फणस. आज साधारण एवढ्याच सीसीच्या गाडीत चौघं बसले तरी आपण अवघडतो.

ही गाडी कुर्ल्यात तयार व्हायची हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, पुढं फियाटशी करार झाला, आणि फियाटची अकराशे ही गाडी नाव बदलत बदलत १९७४ मध्ये पद्मिनी झाली. म्हणजे आमचं हे घरचं माणूस अस्सल महाराष्ट्रात जन्मलेलं. मुंबईत तिला काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूप मिळालं आणि बहुतेकांच्या आठवणीत ती तशीच राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत तिची नोंदणी झालेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्या आठवड्यात सगळीकडं फोटो, निरोप. मीही ते फोटो बघत बसले. पण मला त्यात आमची गाडी दिसेना. गावाकडच्या घरांची फियाट टॅक्सी नव्हती. दसऱ्याला तिच्या बॉनेटवर झेंडूचा हार आणि पुढच्या चाकाखाली लिंबू असायचं, लग्नाच्या हंगामात ती नवरदेवासाठी उसनी जायची, आणि तिची धुलाई रविवारी विहिरीच्या पाण्यानं, घरातल्या सगळ्या पोरांनी मिळून व्हायची. त्या गाड्या एकेक करून, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वर्षी गेल्या. त्यांचा निरोप त्या त्या घरापुरताच राहिला.

आमची गेली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटाला. नानांनी ती ओळखीच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला दिली. त्यालाही त्यांनी डॉक्टरांसारखी सगळी हकीकत सांगितली, उंब्रजच्या पोच्यासकट, आणि निळी वही दिली. पुढं काही वर्षं दारावर तांबडा एल लावून ती प्रीतिसंगमाच्या रस्त्याला हळूहळू फिरताना दिसायची, आत घामाघूम झालेलं कुणीतरी. माझ्या दोन मैत्रिणी त्याच गाडीवर शिकल्या. आणि त्यांनी मला काय सांगावं? "अगं, आम्ही डॉक्टरांच्या फियाटवर शिकतोय." मधली आमची तेरा वर्षं गावानं हिशेबात धरलीच नव्हती. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता त्यातला आनंद कळतो.

आता स्वतःसाठी गाडी शोधायला लागल्यावर मात्र हे सगळं उलटं फिरलं. मुलगी शिकायला बाहेर गेली, मला आठवड्यातून एकदा कराडला नानांकडं जावं लागतं, एसटीनं गुडघे बोलायला लागतात, म्हणून छोटी, जुनी, भरवशाची गाडी हवी होती. फोनवर अॅप उघडलं की पुण्यातल्याच शेकडो गाड्या. सगळ्यांचे फोटो एकाच पांढऱ्या भिंतीसमोर, एकाच कोनातून. सगळ्या सिंगल ओनर, सगळ्या कंपनी मेंटेन, कितीतरी डॉक्टरच्या. खाली शे-दीडशे मुद्द्यांचा तपासणी अहवाल, प्रत्येकापुढं हिरवी खूण. गाडी कुठं राहिली, कुणी चालवली, कुठं गेली, याची एक ओळ नाही.

नात्यातला एक मिस्त्री आहे, हडपसरला गॅरेज आहे त्याचं. त्यानं मला गाडी बघायला शिकवलं. दाराचं रबरी बीडिंग उपटून आत बघायचं. कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात. तिथं पुट्टी किंवा सलग वेल्डिंग दिसलं की गाडी मोठी ठोकलेली आहे, छप्पर तोलणाऱ्या खांबाला, पिलरला, हात लागलाय. बॉनेटच्या बिजागरीच्या नटांवरचा रंग उडालेला असला तर बॉनेट एकदा तरी खोललेलं. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातलं साल जुळतं का बघायचं, एकच काच वेगळ्या सालची असली तर का ते विचारायचं. टायरवर चार आकडे असतात, ३२१९ असेल तर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. गाडी २०१९ ची आणि मीटर वीस हजार दाखवत असेल पण चारही टायर २०२३ चे असतील, तर मीटर बहुतेक खोटं बोलतंय. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायचं, धूर फसाफसा वर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. आणि शेवटी खाली वाकून पायातले पेडल बघायचे. "ताई, मीटर मागं करता येतं," तो म्हणाला, "स्टिअरिंगला कव्हर घालता येतं. पण क्लचच्या पेडलाचं रबर बदलायचं बहुतेकांच्या ध्यानात येत नाही." डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते रबर गुळगुळीत होतं, कडा झिजून लोखंड डोकावतं. गाडी खूप चालल्याशिवाय ते सहसा तसं होत नाही.

त्यात पुराच्या गाड्या. हे मला शिकवावं लागलं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा मामाच्या आळीत पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीला गेलो. गाड्या एकमेकींवर चढलेल्या, भिंतीला टेकलेल्या, आत सीटपर्यंत तांबूस गाळ. आठवडाभर त्या चिखलाचा, कुजक्या कापडाचा आणि सांडलेल्या डिझेलचा वास आळीतून गेला नव्हता. पुढं टेम्पो आले आणि एकेक गाडी टोचन लावून घाट चढून वर गेली. त्यातल्या बऱ्याच भंगारात गेल्या असतील. काही धुऊन, वाळवून, पॉलिश होऊन कुठल्या तरी आवारात पुन्हा उभ्या राहिल्या असतील, आणि घेणाऱ्याला कुणी सांगितलं नसेल. म्हणून मी आता प्रत्येक गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघते. रोज वापरात तो पूर्ण बाहेर येतच नाही, त्यामुळं पुसणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची आडवी रेघ असली, की ती गाडी पाण्याखाली होती. एका चकचकीत, हिरव्या खुणांच्या गाडीत मला ती रेघ सापडली. मी तो पट्टा हातात धरून तिथंच बसून राहिले. कुणाच्या दारातून ही गाडी वाहत गेली असेल?

मला छळत होतं ते हे. आमच्या फियाटमध्ये आधीच्या माणसाची प्रत्येक खूण आम्हाला सांगून, हातात ठेवून दिली होती, आणि आम्ही ती घरात घेतली. इथं आधीच्या माणसाची प्रत्येक खूण एक जण पुसतोय आणि मी विजेरी घेऊन ती शोधतेय, गाडीविरुद्ध पुरावा म्हणून. झिजलेलं पेडल म्हणजे लबाडी, मागच्या सीटवरचा दुधाचा डाग म्हणजे किंमत पाच हजारांनी खाली. कुणाचं तरी बाळ त्या सीटवर मोठं झालं असेल हा विचार व्यवहारात कुठं बसतच नाही. झीज ही गाडीची लाज नाही असं मला मनापासून वाटतं. ती लपवली जाते तेव्हाच ती लाजेची होते.

अर्थात ओळखीतून झालेले सगळे सौदे डॉक्टरांसारखे नव्हते. आमच्याच गल्लीत एकानं साडूकडून गाडी घेतली आणि सहा महिन्यांत इंजिन उतरवावं लागलं. तक्रार कुणाकडं करणार? दोन घरांचं जाणं-येणं तुटलं ते तुटलंच. शिवाय ओळख असलेल्यालाच गाडी मिळायची, आणि तो व्यवहार पुरुषांनी पुरुषांशी करायचा. आई त्या गाडीत तेरा वर्षं बसली, पण दवाखान्यातल्या त्या बैठकीला तिला कुणी बोलावलं नाही. आज मी एकटी जाते, बॉनेट उघडायला सांगते, फोनवर नंबर टाकून गाडीवर कर्ज आहे का, चलन थकलंय का, इन्शुरन्स कधी संपतो ते दोन मिनिटांत बघते. ही सोय मी कशाच्याही बदल्यात परत देणार नाही. मला फक्त तिच्यासोबत ती हकीकतही हवी आहे.

पंधरा वर्षं झालेल्या गाड्यांबद्दलही माझं मन असंच दोन्हीकडं ओढतं. पुन्हा नोंदणी करायची तर फिटनेस तपासून घ्यायचा, पर्यावरण कर भरायचा, आणि १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जायला हव्यात, पुण्याची हवा नाकात जाते तेव्हा ते पटतं. पण पाच-पाच वर्षांनी न चुकता गाडी पासिंगला नेणारे, तिचा एकेक भाग नाना पेठेत शोधत फिरणारे म्हातारे आरटीओच्या रांगेत दिसतात, तेव्हा त्यांच्यासाठी मला तो आकडा टोचतो.

शेवटी गाडी मिळाली ती अॅपवर नाही. सहकारनगरमधल्या एका निवृत्त शिक्षिका, मैत्रिणीच्या सोसायटीतल्या. मुलीकडं नाशिकला कायमच्या चालल्या होत्या. पांढरी छोटी गाडी, नऊ वर्षांची, त्याच पहिल्या मालक. मी गेले तेव्हा गाडी धुतलेलीही नव्हती. वायपरखाली बुचाची वाळकी फुलं होती. मिस्त्रीनं बीडिंग उपटलं, सीटबेल्ट ओढला, झाकण उघडलं, खाली वाकून पेडल बघितले आणि मला नुसती मान हलवून दाखवली. बाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांचं झालं असेल तर जरा आत बसा, मी सांगते."

त्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि मी स्टिअरिंगवर. उजवा आरसा सोसायटीच्या गेटला घासलेला आहे, काच नवी, खोका जुना. मागच्या सीटवरचं भोक उदबत्तीचं, आळंदीहून येताना पडलं. ही गाडी पंढरपूरला गेलीय, गाणगापूरला गेलीय, पण मुंबईला कधी नाही, मला तिथं चालवायचा धीर झाला नाही. सकाळी थंड असताना तिसरा गिअर जरा दमानं घ्या, मी घाई करत नाही तिच्याशी. एसी लावायच्या आधी काचा दोन मिनिटं उघड्या ठेवा. सर्व्हिसची बिलं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखेनं लावलेली, प्रत्येकावर बाईंच्या वळणदार अक्षरात किलोमीटर. डॅशबोर्डवर ज्ञानेश्वर माउलींची छोटी मूर्ती होती. ती त्यांनी हातरुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. खाली राहिलेल्या खुणेकडं बघून म्हणाल्या, "हे मात्र मला काढता आलं नाही." मी म्हटलं, असू दे की.

किंमत त्यांनी सांगितली तीच दिली. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. कायद्यानं विकणाऱ्याला चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि आरसीवर बाईंचं नाव आहे तोवर गाडीनं काही केलं तर जबाबदारी त्यांच्या गळ्यात. म्हणून नाशिकला जायच्या आधी नाव बदलायचं पक्कं केलं. गेल्या आठवड्यात नवं आरसी कार्ड आलं. त्याचा फोटो बाईंना पाठवला, तर लगेच उत्तर, "छान. गाडी कशी आहे? तिसरा गिअर?"

नानांना शनिवारी गाडी दाखवायला नेली. त्यांना आता कमी दिसतं. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, मग दाराशी आले आणि विचारलं, "कुणाची होती?" मी त्यांना आळंदी, गाणगापूर, उदबत्तीचं भोक, गेटला घासलेला आरसा, सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मधेच एकदा "बिलं आहेत ना?" एवढं विचारलं. दिवाळीनंतर त्यांना घेऊन चिपळूणला जायचंय, मामा कधीचा बोलावतोय. पहाटेच निघावं लागेल, म्हणजे गाडी थंड असणार आणि तिसरा गिअर दमानं घ्यावा लागणार. कुंभार्लीचा चढ ती येताना कसा घेते ते बाईंना कळवायचं कबूल केलंय.